चर्चा: पुण्यात आलेल्या स्थलांतरितांना देणगीने आधार मिळतो की हक्काने?

सिंहगडरस्ताकर
आपल्या शहरात बांधकामावर राबणाऱ्या परप्रांतीय आणि मराठवाड्यातील मजुरांसाठी ब्लँकेटवाटप, अन्नदान, वह्यावाटप वर्षभर चालू असते. या दानशूरपणामुळे मूळ प्रश्न झाकला जातो, असे माझे मत आहे. १९९६ च्या कायद्यांनी सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो आणि त्यातून बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मृत्यूच्या साहाय्यापर्यंत योजना चालवते. मात्र नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दिल्यास मजुराची जबाबदारी अंगावर येईल या भीतीने अनेक ठेकेदार सही करत नाहीत. ज्या पैशावर मजुराचा हक्क आहे तो मंडळाकडे पडून राहतो आणि त्याच मजुराला ब्लँकेट घेताना छायाचित्रासाठी उभे राहावे लागते.

खडकीची_वाचक
आपले निदान मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची सक्ती पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या ठिकाणीच होती. आपल्याकडच्या बहुतेक लहान इमारतींवर तेवढ्या बायका नसतातच, म्हणजे वाळूच्या ढिगाजवळ खेळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला तो कायदा कागदावरसुद्धा ओळखत नव्हता. तेथे तारा मोबाइल क्रेशेस किंवा डोअर स्टेप स्कूल यांसारख्या संस्था देणग्यांच्या बळावरच पोहोचल्या. हक्क पदरात पडेपर्यंत मूल वाढायचे थांबत नाही.

दप्तरदार
आणि ज्यांना हक्कच नाही त्यांचे काय? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपैकी अनेकांना परतणे अशक्य झाले. त्यांच्या शुल्काचा आणि खोलीभाड्याचा प्रश्न कोणत्याही कल्याण मंडळाच्या कक्षेत बसत नव्हता. अशा वेळी ‘आधी हक्क मागा’ हा सल्ला क्रूर ठरतो.

सदाशिवपेठी
देणगीचा हात क्वचितच मोकळा असतो, हे या शहराने फार पूर्वी पाहिले आहे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय अमेरिकेतून येणाऱ्या पैशावर चाले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात असल्याच्या वादातून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. ज्याच्यापाशी दुसरा आसरा नाही, त्याला अट नाकारता येत नाही.

खडकीची_वाचक
त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावात वसवल्या, हेही सांगायला हवे होते. त्या मुलींपुढे पर्याय उपासमारीचा होता. राजीनामे देणाऱ्यांपैकी कोणी मध्य प्रांतात गेल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

सिंहगडरस्ताकर
रमाबाईंचे श्रेय मी नाकारत नाही. पण मोठ्या संख्येने आलेली माणसे केवळ दानावर वसत नाहीत. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ती कथा आपण संस्थानिकांच्या औदार्याची म्हणून सांगतो; छावणीचा खर्च मात्र मुख्यतः लंडनमधील परागंदा पोलिश सरकारने उचलला होता. फाळणीनंतर पिंपरीत आलेल्या सिंधी कुटुंबांसाठीही छावणी सरकारनेच उभारली. घर आणि व्यवसाय पुढे त्यांनी कष्टाने उभे केले, परंतु पाय टेकायला जागा मिळाली ती धोरणातून.

दप्तरदार
मग देणगीचाच उपयोग हक्कासाठी का करू नये? कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर रोज सकाळी अर्ज भरून देणारा, दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे लागणारा एक पगारी माणूस बसवला, तर तो शंभर ब्लँकेटांहून अधिक कामाचा ठरेल.

सदाशिवपेठी
सूचना उत्तम आहे, पण पैसे देणाऱ्या कंपन्यांमध्ये बांधकाम व्यावसायिकही असतात. आपल्याच ठेकेदाराला सही करायला भाग पाडणाऱ्या माणसाचा पगार ते किती महिने देतील?

दप्तरदार
म्हणूनच तो पगार एका कंपनीकडून घेऊ नये. रहिवासी सोसायट्यांनी वर्गणी काढावी. ज्यांची घरे त्या मजुरांनी बांधली, त्यांना निदान ठेकेदाराची भीड नाही.