मदत हवी आहे: किरिबाटी हा देश नववीच्या वर्गाला एका तासात कसा समजावून सांगू?

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात नववीला आंतरराष्ट्रीय वाररेषेचा धडा घेतला. नकाशात ही रेषा विषुववृत्तापाशी एकदम पूर्वेकडे लांबलचक वळसा घेते. एका मुलानं विचारलं, "बाई, इथे काय आहे म्हणून रेषा एवढी लांबून गेलीय?" मी म्हटलं, तिथे किरिबाटी नावाचा देश आहे, अर्ध्या देशात सोमवार आणि अर्ध्यात रविवार असा घोळ होऊ नये म्हणून. एवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, सगळीकडे समुद्रच ना? मग ती माणसं पाणी कुठलं पितात?"

तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. तिनं तो प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता.

पुढच्या बुधवारी माझ्याकडे एक तास आहे. मी जमवलंय ते असं. देशात ३३ बेटं, त्यातलं बानाबा सोडलं तर बहुतेक सगळी प्रवाळाची कंकणद्वीपं, म्हणजे मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली बेटं. गिल्बर्ट, फिनिक्स आणि लाइन असे तीन गट. सगळी जमीन मिळून ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हा याच्या दहापट मोठा. आणि त्यांच्या हक्काचा समुद्र साधारण ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या भारताच्या जमिनीहून जास्त! माणसं सव्वा लाखाच्या आतबाहेर, त्यातली निम्म्याहून अधिक राजधानी दक्षिण तारावात. १२ जुलै १९७९ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर.

हे फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतील आणि विसरतील. इंटरनेटवर शोधावं तर जिथे तिथे 'बुडणारा देश' एवढंच. समुद्र चढतोय हे खरं आहे, ते मी सांगणारच. पण एका देशाची ओळख फक्त त्याच्या मरणावरून करून द्यायला माझं मन घेत नाही. तिथे माणसं राहतात, निवडणुका होतात, मुलं शाळेत जातात. तेव्हा तीन गोष्टींत मदत करा:

पाण्याचं उत्तर नेमकं काय द्यायचं? एवढ्या पसरलेल्या देशाचा कारभार चालतो कसा? आणि हे अंतर मुलांच्या डोळ्यांपुढे कसं उभं करायचं?

– खाडीकाठ

दीपस्तंभ:

ताई, आधी नावापासून सुरुवात करा, मुलांना आवडेल. लिहितात 'किरिबाटी', म्हणतात 'किरिबास'. त्यांच्या लिपीत फक्त १३ अक्षरं, 'स' साठी वेगळं अक्षर नाही. 'ति' लिहिलं की उच्चार 'स' च्या जवळ जातो. 'गिल्बर्ट्स' हा इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी बसता बसता किरिबास झाला. लाइन बेटांमध्ये 'किरितिमाती' आहे, ते वाचायचं 'किरिस्मास', म्हणजे ख्रिसमस! कॅप्टन कुक १७७७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी तिथे पोचला, त्यावरून ते नाव पडलं. देशाची जवळजवळ निम्मी जमीन या एकाच बेटावर आहे.

मी मर्चंट नेव्हीत २६ वर्षं होतो. जर्मन मालकांच्या जहाजांवर किरिबाटीचे खलाशी बरेच असायचे, तारावाला बेटिओमध्ये त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. डेकवर सकाळी भेटले की 'मौरी' म्हणायचे, तो त्यांचा नमस्कार. एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याला मी एकदा सांगितलं की आमच्याकडे भंडारी लोक माडावर चढून माडी काढतात, तर त्याचा चेहरा फुलला. त्यांच्याकडेही तेच. नारळाची पोय (न उमललेला फुलोरा) बांधून, तिचं टोक रोज पातळ छाटून खाली भांडं लावायचं, सकाळ-संध्याकाळ चढायचं. ताज्या गोड रसाला ते 'कारेवे' म्हणतात, आपली नीरा. तो रस आटवून काकवीसारखा पाक करतात, आणि आंबवला तर माडी. माडावर बसून छाटणी करताना गाणं म्हणायची रीत आहे. बोसन म्हणाला, सकाळी कोण कुठल्या झाडावर आहे ते आवाजावरून कळतं. मग त्यानं मला हातानंच दाखवलं, डाव्या मुठीत पोय धरायची आणि उजव्या हातानं पाती कशी फिरवायची. बोलताना तो एकदाही आपल्या हातांकडे बघत नव्हता.

तुमच्या मुलांना हे पटकन कळेल. घरांची छपरं केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांनी शाकारतात, हेही सांगा.

गोडंपाणी:

पाण्याचं मी सांगतो, भूजलावर काम केलं आहे.

कंकणद्वीपावर नदी नाही, डोंगर नाही. पाऊस पडतो तो वाळूत आणि प्रवाळाच्या चुऱ्यात मुरतो. खाली समुद्राचं खारं पाणी असतंच. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं. मधे जाड, कडेला पातळ, भिंगासारखं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सिद्धांतानुसार चाळीस फूट गोडं पाणी असतं. पण बेटावर ते दोन्हींच्या मिसळीत बरंच पातळ होतं. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. त्या मुलीच्या वाडीत मार्चनंतर नेमकं हेच होतं! पाऊस लांबलेला, उपसा चालू, खाडीचं पाणी आत सरकतं.

ग्लासात मिठाचं पाणी घ्या, रंग टाका, वरून चमच्याच्या पाठीवरून हळूहळू साधं पाणी सोडा. दोन थर दिसतील. मग वरच्या थरात स्ट्रॉ घालून जोरात ओढायला सांगा. दहा मिनिटांत सगळं कळतं.

दक्षिण तारावाला बोनरिकी आणि बुओटा इथले राखीव पाणथर आहेत, तिथून नळानं पाणी येतं. गावातल्या उथळ विहिरींचं पाणी दाट वस्तीमुळे दूषित होतं, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. बाहेरच्या बेटांवर लोक या भिंगापर्यंत खड्डे खणून त्यात 'बाबाई' लावतात. अळूच्या कुळातला कंद आहे, वर्षानुवर्षं वाढू देतात. उधाणाची मोठी लाट खड्ड्यात शिरली की कंद सडतो आणि ते पाणी गोडं व्हायला पुढचे कित्येक पाऊस जावे लागतात. 'बुडणं' या एका शब्दात हे दिसत नाही. जमीन पाण्याखाली जायच्या कितीतरी आधी विहीर खारी होते.

बेटं नुसती खाली जात नाहीत, सरकतातही. वाळू एका कडेची जाते, दुसरीकडे साठते. यात माणसाचाही हात असतो. १९८७ साली बेटिओ आणि बैरिकी जोडणारा रस्ता बांधला, खाजणातले प्रवाह बदलले आणि बिकेमन नावाचं छोटं बेट धुपून गेलं.

लोकसभागृह:

कारभाराचं थोडक्यात. गावात 'मानेआबा' असतो, मोठं शाकारलेलं सभागृह. आत प्रत्येक कुळाची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, तिला 'बोती' म्हणतात. चटईवर बसून बोलायचं, वडीलधाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकायचं. संसदेचं नावही 'मानेआबा नी माउंगाताबू'. ती दक्षिण तारावातल्या आम्बोला भरते, सरकारी कचेऱ्या तिथल्याच बैरिकीला.

अध्यक्षाला 'बेरेतितेंती' म्हणतात (आता उच्चार तुम्हीच ओळखा). तो राष्ट्रप्रमुखही आणि सरकारप्रमुखही. त्याच्या निवडीची पद्धत मला फार आवडते. आधी लोक खासदार निवडतात. मग खासदार आपल्यातूनच तीन-चार नावं ठरवतात आणि त्यातून पुन्हा जनता मतदान करून एक निवडते. कोणालाही तीनपेक्षा जास्त वेळा अध्यक्ष होता येत नाही. संसदेनं अविश्वास ठराव मंजूर केला तर अध्यक्ष जातो आणि संसदही बरखास्त होते, सगळ्यांना परत लोकांपुढे जावं लागतं. २००३ साली असं झालं होतं. त्यानंतरच्या निवडणुकीत आनोते तोंग आणि त्यांचे सख्खे भाऊ हॅरी समोरासमोर होते, आनोते जिंकले. २०१६ पासून तानेती मामाउ अध्यक्ष आहेत.

पैसा येतो मुख्यतः टूनातून, म्हणजे आपल्या कुप्यातून. परदेशी जहाजांना मासेमारीचे 'दिवस' विकतात, आजूबाजूच्या देशांनी मिळून हे दर ठरवलेत. सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा त्यातून येतो.

वाररेषेबद्दल एक भर. १९९५ च्या आधी तारावातल्या कचेरीला लाइन बेटांशी बोलायला आठवड्याचे चारच दिवस मिळत, कारण इथला सोमवार तिथला रविवार. म्हणून १९९५ उजाडताना लाइन बेटांनी ३१ डिसेंबर हा दिवसच गाळला. आता आपल्याकडे ३१ डिसेंबरला दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा किरितिमातीला नवं वर्ष लागतं. तिथल्या आणि हवाईतल्या घड्याळात वेळ एकच, तारीख मात्र वेगळी.

आणि बानाबा विसरू नका. १९०० पासून १९७९ पर्यंत तिथलं फॉस्फेट खणून खतासाठी बाहेर नेलं. १९४५ च्या डिसेंबरात बानाबन लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं. आजही बहुतेक जण तिथेच आहेत. दुसऱ्या देशात राहूनही किरिबाटीच्या संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी बसतो.

खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तास झाला, म्हणून कळवतेय.

वर्गात नाही, मैदानावर घेतला. मीटरभराचं एक पाऊल म्हणजे १०० किलोमीटर धरलं. तारावाचा नारळ ध्वजस्तंभापाशी ठेवला, तिथून पूर्वेला फिनिक्समधलं कांतोन १७-१८ पावलांवर आणि किरितिमाती ३३ पावलांवर. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर मुलांना पाठ आहे, त्यामुळे "बाई, म्हणजे अख्खा भारत!" हे त्यांचं त्यांनीच म्हटलं. दक्षिण तारावा सरासरी साडेचारशे मीटर रुंद, या मापात अर्धा सेंटिमीटरही नाही. एका मुलानं पोत्याची सुतळी आणून ठेवली आणि सगळे तिच्याभोवती वाकून बघत राहिले. साठ हजारांवर माणसं त्या सुतळीवर राहतात, हे सांगितल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

ग्लासाचा प्रयोग त्याच मुलीनं केला. स्ट्रॉनं ओढता ओढता रंग वर आला तशी ती थांबली. "बाई, आमच्या विहिरीवर पंप दिवसभर चालू असतो," एवढंच म्हणाली. ग्रामपंचायतीकडे पाण्याची नोंद मागायची असं आता वर्गानं ठरवलंय. गोडंपाणी सर, विहिरीचा खारेपणा मुलांना स्वतः मोजता येईल असं स्वस्तातलं साधन कोणतं, तेवढं सांगाल का?

राबी बेट मात्र मैदानात मावलं नाही. ध्वजस्तंभापासून दक्षिणेला २१ पावलं मोजली तर कुंपणाच्या पलीकडे रस्ता येतो. दोन मुलं फाटकातून बाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला नारळ ठेवून आली. एक जण तास संपेपर्यंत तिथेच उभा राहिला, कोणी उचलून नेऊ नये म्हणून.