पॅसिफिक रग्बी लीगचा खर्च कोण करतं? माहिती हवी आहे

ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेनकडचं कुणी रग्बी लीग बघतं का? (पंधरा जणांची युनियन नव्हे, तेरांची लीग.) २०१९मध्ये टोंगाने ऑस्ट्रेलियाला १६-१२ हरवलं, २०२२मध्ये झालेल्या वर्ल्डकपला सामोआ फायनलपर्यंत गेलं. लाख-दोन लाख वस्तीचे देश हो! तरी २०२५च्या पॅसिफिक चॅम्पियनशिपमधला सामोआ-टोंगा सामना झाला ब्रिस्बेनला. सामोआच्या राजधानीत आपियाला नाही की टोंगाच्या नुकुआलोफाला नाही. प्रेक्षक तिकडे स्थायिक, बहुतेक खेळाडूही तिथल्याच क्लबांचे, हे कळतं. पण तिकिटांचे पैसे कुणाकडे जातात? मानधन, विमा, विमानभाडं त्या-त्या देशाचं बोर्ड भरतं की आयोजक? पापुआ न्यू गिनीचे सामने त्यांच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत होतात, तिथला हिशेब कसा? लेखासाठी हवंय, त्यामुळे ऐकीव नको. अहवाल, बातमी असेल तर लिंक टाका.