ट्रकच्या ॲल्युमिनियम चाकांवरचा पांढुरका थर

ट्रकमालक, सोलापूर : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माल नेणाऱ्या माझ्या ट्रकची ॲल्युमिनियमची चाके आणि डिझेल टाकी पांढुरकी पडली असून हात लावल्यास भुकटी लागते. धुलाईवाले कॉस्टिक सोड्याने धुण्याचा आग्रह धरतात. ते योग्य ठरेल काय?

पॉलिश कारागीर, होटगी रोड : कॉस्टिक मुळीच नको. ते या पांढुरक्या थराबरोबर (ऑक्साइड) खालचा धातूही खाते, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि चाक काळवंडते. आधी साबणाच्या पाण्याने ब्रेकची धूळ काढावी, मग ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर (ओले वापरायचे घासकागद, नंबर वाढेल तसे बारीक) याच क्रमाने, पाणी सोडत फिरवावेत. मागच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नये, कारण राहिलेला ओरखडा बफ (ग्राइंडरवर फिरणारे कापडी चाक) मारल्यावर अधिकच उठून दिसतो. शेवटी सुती बफ आणि पॉलिशची वडी. उरलेला काळा मेणचट थर मैदा भुरभुरून मऊ फडक्याने पुसावा.

गॅरेजचालक : चाकावर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) आहे का, हे आधी पाहावे, पॉलिश घासूनही फडके काळे झाले नाही, तर बहुधा वर लॅकरचा थर आहे. टायर बसण्याची कड आणि नटांची बैठक घासू नये. टाकीजवळ ग्राइंडर चालवणे मला पटत नाही. तिथे हातानेच घासावे.

ट्रकमालक : आभारी आहे. चमक टिकेल किती?

पॉलिश कारागीर : उघड्या धातूची चमक पुन्हा जातेच, मात्र सीलंट (संरक्षक लेप) लावल्यास तो वेग कमी होतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी चाकावर वाळू देऊ नये.