मदत हवी आहे: पांढऱ्या वाघाचा वंशवृक्ष, पिल्लांचं गुणोत्तर जुळत नाही

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दहावीची मुलं पांढऱ्या वाघाच्या आनुवंशिकतेचा तक्ता करताहेत. बघायला कन्नड माध्यमाची मुलंही येतात, म्हणून मथळा ‘पांढरा वाघ / बिळी हुली’ असा ठेवलाय. आठ दिवस हातात आहेत.

अडलंय ते इथं. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ साली पकडलेला मोहन पांढरा. बेगम या तांबूस वाघिणीपासून त्याला १० पिल्लं झाली, दहाही तांबूस. पुढे त्यातल्याच राधापासून ३० ऑक्टोबर १९५८ ला चार पिल्लं झाली, ती चारही पांढरी. हिशेबानं निम्मी पांढरी यायला हवीत ना? दुसरं, या वाघाला अल्बिनो का म्हणायचं नाही? तिसरं, मुलांनी लिहिलंय की जवळच्या नात्यातल्या जोडीमुळं डोळे तिरळे होतात. ते बरोबर आहे का?

शिवाय खेळ म्हणून फोडलेल्या चिंचोक्याची दोन डाळं टाकायचं ठरलंय. दोन्ही डाळं पांढऱ्या बाजूनं पडली की पांढरं पिल्लू. चाळीस वेळा टाकलं तर १९ पिल्लं पांढरी आली. दहाच्या आसपास यायला हवी होती. कुठं चुकतंय?

पाचवा_पट्टा
बाई, आधी पिल्लांचं बघू. तांबूस रंगाच्या जनुकाला ‘त’ आणि पांढऱ्याला ‘प’ म्हणू. ‘प’ अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा, म्हणून पांढरा वाघ पप. तांबूस वाघ तत असेल किंवा तप, नुसतं बघून कळत नाही.

मोहन पप, राधा तप. प्रत्येक पिल्लू पांढरं निघण्याची शक्यता निम्मी, आणि ती प्रत्येकासाठी नव्यानं मोजायची. आधीचं पांढरं निघालं म्हणून पुढचं तांबूस निघत नाही. चारही पांढरी येण्याची शक्यता १/१६, म्हणजे नाणं चार वेळा उडवून चारही वेळा छापा पडण्याइतकी. त्यात नवल काही नाही. सगळे या चार पिल्लांवर अडतात, खरी गंमत बेगमच्या दहा पिल्लांत आहे. बेगम तप असती तर दहाही तांबूस येण्याची शक्यता १/१०२४ होती. म्हणून ती तत होती असं धरायला हरकत नाही. आणि बाप पप असल्यानं ती दहाही पिल्लं तप, एकही सुटत नाही. राधा वाहक (स्वतः तांबूस, पण अंगात ‘प’ असलेली) आहे हे सांगायला वेगळी चाचणी लागतच नाही. तक्त्यावर हा भाग मोठ्या अक्षरांत घ्या.

आता अल्बिनो. वाघाच्या केसात दोन रंगद्रव्यं असतात: लाल-पिवळं फिओमेलॅनिन आणि काळं-तपकिरी युमेलॅनिन. पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की हा फरक एसएलसी४५ए२ या जनुकातला आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ४७७ व्या जागी अ‍ॅलनीनऐवजी व्हॅलीन येतं. त्याचा मार बसतो तो मुख्यतः फिओमेलॅनिनला. म्हणून पट्ट्यांमधला अंगाचा तांबूस रंग जातो आणि पट्टे राहतात. पुरा अल्बिनो असता तर पट्टेही गेले असते. आणि पोरांना बजावा, याला ‘कोड’ लिहू नका. कोडात जन्मानंतर त्वचेतल्या रंगपेशी नष्ट होतात, ती भानगड वेगळी.

‘पांढऱ्या वाघाची जात’ हे शब्दही खोडा. हा बंगाल वाघच.

गोठा_ते_जंगल
तिरळेपणाचं मुलांनी चुकीचं लिहिलंय, पण चूक सरसकट सगळीकडे छापलेली असते, त्यांचा दोष नाही. डोळ्याच्या मागून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी काही सरळ त्याच बाजूच्या मेंदूत जातात, काही ओलांडून दुसऱ्या बाजूला. गर्भात डोळ्यातलं रंगद्रव्य कमी पडलं की ही वाटणी बिघडते आणि गरजेपेक्षा जास्त तंतू ओलांडतात. सयामी मांजरात हेच होतं. म्हणजे हा दोष रंगाच्या जनुकाचाच. बाहेरच्या रक्ताची जोडी दिली तरी जे पिल्लू पप निघेल त्याच्या बाबतीत तो धोका राहतोच. दरवेळी तिरळेपणा वरून दिसेलच असंही नाही.

फाटलेला टाळू, वाकडे पाय, वाकडा कणा, पिल्लं दगावणं, हे दुसऱ्या खात्यातलं. तिथं कारण अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जोड्या लावणं. तक्त्यावर दोन वेगळ्या चौकटी करा, एकाच यादीत कोंबू नका.

अंतःप्रजनन कसं मोजायचं? आपल्याकडचा शेतकरी कालवडीला तिच्याच बापाकडं नेत नाही, बैल बदलतो. तोच हिशेब आकड्यात. आईबापाला सामाईक पूर्वजामार्फत जोडणाऱ्या वाटेवर जितके प्राणी, तितक्या वेळा निम्मं करायचं. वाटा अनेक असतील तर बेरीज. बाप आणि मुलगी: वाटेवर मोहन आणि राधा, दोघेच. १/२ × १/२ = ०.२५. तुलनेसाठी, आपल्या भागात मामा-भाचीची लग्नं माहीत असतात. तिथं आकडा ०.१२५, आणि आतेमामे भावंडांत ०.०६२५.

पुढचं नातं मुलांना सोडवायला द्या, मजा येईल. त्या चार पिल्लांतली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल झूला गेली. तिला जोडीदार दिला सॅमसन, म्हणजे राधाचा सख्खा भाऊ. मोहिनीचा तो मामा, आणि बाप दोघांचा मोहनच, म्हणून सावत्र भाऊही. त्यांच्या पिल्लांचा आकडा पुन्हा ०.२५. वेगळी जोडी दिसते, रक्त तेवढंच जवळचं.

मलप्रभाकाठ
सर, मग मुलं विचारतील, पांढरं पिल्लूही हवं आणि नातंही जवळचं नको, असं जमत नाही का?

गोठा_ते_जंगल
अर्धवट जमतं. एका पांढऱ्या नराला नात्यात नसलेल्या दोन तांबूस माद्या द्यायच्या. दोघींची पिल्लं वाहक, आपसात सावत्र भावंडं. त्यांची जोडी लावली तर आकडा ०.१२५ वर येतो, पण पांढरं पिल्लू चारात एक. तीन पिल्लांच्या वेतात एकही पांढरं न निघण्याची शक्यता २७/६४, म्हणजे जवळपास ४२ टक्के. मादी वयात यायला तीन-चार वर्षं, गाभणकाळ साधारण १०३ दिवस, आणि मधली सगळी तांबूस पिल्लं पिंजऱ्यात सांभाळायची. लोक तिकीट काढतात पांढऱ्यासाठी. म्हणून बापलेकीची जोडी सोपी वाटत आली, निम्मी पिल्लं पांढरी आणि तीही लगेच. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं २०११ मध्ये आपल्या सदस्यांना असं प्रजनन थांबवायला सांगितलं.

पाचवा_पट्टा
चिंचोक्याचं राहिलंच. डाळाची पाठ फुगीर, पोट सपाट, ते नाण्यासारखं पडत नाही. चाळीसात १९ म्हणजे डाळ दहातून सातदा पांढरी बाजू वर करतंय (०.७ × ०.७ = ०.४९). सारीपाटाला चालेल, मेंडेलला नाही.

टाकू नका, काढा. अख्खे चिंचोके घ्या, दोन कापडी पिशव्या, एक बापाची, एक आईची. वाहक प्राण्याच्या पिशवीत १० पांढरे, १० तपकिरी. मोहनच्या पिशवीत २० पांढरे. ऑइल पेंट फक्त पांढऱ्यांना लावलात तर पोरं बोटानं ओळखतात, म्हणून तपकिरींनाही तपकिरी पेंट द्या. चुना नको, हाताला लागतो. दोन्हींतून न बघता एकेक काढायचा, वहीत लिहायचं, परत टाकून पिशवी हलवायची. परत टाकायला विसरलं की शेवटी पिशवीत एकाच रंगाचे उरतात आणि हिशेब कोसळतो. तप × तप ला चाळीस वेळात ५ ते १५ पांढरी आली तरी ठीक.

वंशवृक्षात नर चौकोन, मादी वर्तुळ. पुस्तकी रीतीनं गुण दिसणारा चौकोन काळा भरतात, म्हणजे पांढरा वाघ काळा दिसेल आणि गोंधळ होईल. पांढऱ्याला कोरा ठेवून आत काळे पट्टे ओढा, तांबूस रंगवा, वाहकाच्या मध्ये टिंब द्या. मोहन दोनदा काढू नका. त्याच्याकडून खाली राधापर्यंत तिरकी दुहेरी रेघ, नात्यातल्या जोडीची खूण तीच.

जागा उरली तर कोपऱ्यात दांडेली-अणशीचा काळा बिबट्या घ्या. तो काळेपणाही अप्रभावी, पण जनुक निराळं, आणि तो रानात आपापला टिकून आहे. जग्वारमध्ये मात्र काळेपणा प्रभावी आहे, तेव्हा ‘सगळ्या मांजरांत असंच’ असं लिहू नका.

मलप्रभाकाठ
पिशव्या शिवून झाल्या. तप × तप ला चाळीसात ११ पांढरी. दुहेरी रेघ लाल स्केचपेननं काढलीय, चालेल ना?

पाचवा_पट्टा
चालेल. खाली सूचीत तिचा अर्थ दोन्ही भाषांत लिहा.