फ्रीझरमधल्या नमुन्यांची लेबलं: साधा थर्मल कागद आता बंद करावा का?

रबाळेकर:
आमची लॅब रबाळे एमआयडीसीत आहे. गेल्या पावसाळ्यात उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून रॅक काढला, तर सहा व्हायलची (नमुन्याच्या छोट्या कुप्यांची) लेबलं सुटून तळाशी पडलेली. कुठलं कुणाचं, काही कळेना. सहाही नमुने टाकून द्यावे लागले, अजून जिवाला लागतंय.
माझं मत ठाम आहे. डायरेक्ट थर्मल लेबल लॅबमध्ये नकोच. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदावरचा लेप काळा होतो, एवढंच. स्पिरिट लागलं की छपाई बिघडते. पॉलिएस्टरचं लेबल, रेझिन रिबनची (रेझिनच्या शाईच्या फितीची) छपाई, थंडीत टिकणारा गोंद आणि कोड डेटा मॅट्रिक्स, म्हणजे ठिपक्यांचा चौकोनी कोड. तो नखाएवढ्या जागेत मावतो, थोडा खरवडला तरी वाचला जातो.

वागळे इस्टेट:
साफ असहमत. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब आठवडाभरात कचऱ्यात जाते, तिला रेझिनचा खर्च कशाला? शिवाय आमच्या मशीनचा रीडर फक्त रेघांचा बारकोड वाचतो, तुमचा चौकोन त्याला दिसणारच नाही. रेघांचा कोड १२८ पुरेसा आहे.
स्कॅन होत नाही म्हणून ओरड होते तेव्हा आधी लेबल कसं चिकटवलंय ते बघा. १३ मिमीच्या ट्यूबचा घेर जेमतेम ४१ मिमी. कोड आडवा गुंडाळला तर अर्ध्या रेघा मागे जातात. लेबल ट्यूबच्या लांबीत लावा, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या पाहिजेत. आणि कोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा ठेवा, तिथे पेनाने खूण करू नका.

रबाळेकर:
ट्यूबचं मान्य, तिथे थर्मल चालेल. पण साठवणीच्या नमुन्यावर मी हटणार नाही. दव धरलेल्या व्हायलवर साधं लेबल नीट धरत नाही. ते गोठवण्याआधी, कोरड्या व्हायलवर लावायचं आणि त्याचं टोक त्याच्याच शेपटीवर चढवायचं.

ऐरोलीची फ्लेबो (रक्त काढणारी):
दादा, तुम्ही दोघं कागदावर भांडताय. चूक तर त्याआधीच, सुई टोचताना होते. सकाळच्या घाईत ट्यूबना आधीच लेबलं लावून ठेवतात. मग 'तुम्ही पाटील ना?' विचारलं की अर्धवट झोपेतला माणूस 'हो' म्हणतो. रेझिनवर छापलं तरी ते चुकीचंच राहणार! नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, रक्त काढा आणि तिथेच, पेशंटसमोर लेबल लावा.

वागळे इस्टेट:
ताई, हे शंभर टक्के. पण लेबल जुन्या लेबलावर चिकटवू नका. सेंट्रीफ्यूजच्या (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनच्या) खोबणीत ट्यूब अडकते, काढताना मी एक फोडली आहे.

रबाळेकर:
ताईंचं पटलं, तरी फ्रीझरचा प्रश्न त्याने सुटत नाही. या आठवड्यात दोन प्रकारची लेबलं रिकाम्या व्हायलवर लावून उणे ८० मध्ये ठेवतोय. महिनाभराने काढून, स्पिरिटने पुसून, स्कॅन करून इथेच लिहीन. कोडखाली आकडा डोळ्यांनी वाचता येईल असा छापतोय, स्कॅनर बंद पडला तरी नमुना अडायला नको.