बोस्नियातले ऑटोमन काळातले दगडी पूल बघायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात बाबांना घेऊन बोस्नियाला जायचं ठरतंय. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, उभी नोकरी पुलांवर गेली. त्यामुळे ही सहल मुख्यतः ऑटोमन काळातल्या पुलांसाठी आहे. मशिदी, हमाम, बाजारही बघूच, पण पूल आधी. हाताशी आठवडा आहे, मुक्काम सारायेवोत.

मोस्तारचा जुना पूल नक्की. मिमार (म्हणजे वास्तुविशारद) हायरुद्दीनने १५६६ साली पूर्ण केलेला, नेरेत्वा नदीवर साधारण २९ मीटरची एकच कमान. बोस्नियाच्या युद्धात, ९ नोव्हेंबर १९९३ ला, क्रोएट सैन्याच्या तोफांनी तो पाडला. २००४ मध्ये त्याच जागी, त्याच जातीच्या 'तेनेलिया' दगडात पुन्हा उभा राहिला. बाबांचा जीव अडकलाय तो सांध्यांत. चिरे लोखंडी आकड्यांनी एकमेकांना जखडायचे आणि खाचांत वितळलेलं शिसं ओतायचं, ही जुनी पद्धत पुनर्बांधणीतही ठेवली गेली. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते काम डोळ्यांनी कुठे बघायला मिळतं? पुलाला लागून तारा बुरुजात संग्रहालय आहे. तिथे हे सांधे जवळून दिसतात का? शिवाय नदीतून वर काढलेले मूळ चिरे नव्या कमानीत वापरता आले नाहीत, ते काठावर मांडून ठेवले होते. ते अजून तिथेच आहेत का? कुणी पाहिले असतील तर नेमकी जागा सांगा. आम्हा दोघांनाही नव्या पुलाइतकीच त्या चिऱ्यांची ओढ आहे.

दुसरा विशेग्रादचा, द्रिना नदीवरचा. मिमार सिनानचं काम, १५७७ चं, अकरा कमानी, लांबी जवळपास १८० मीटर. बांधवून घेतला सोकोल्लू मेहमेद पाशाने. त्याच भागातल्या खेड्यातला हा मुलगा, लहानपणी सुलतानाच्या चाकरीसाठी उचलून नेलेला, पुढे साम्राज्याचा वजीर-ए-आझम झाला आणि आपल्या मुलखात हा पूल ठेवून गेला. मधोमध पूल रुंद होतो, तिथे दगडी बैठक आहे. १९९२ मध्ये याच पुलावर बोस्नियाक मुस्लिमांच्या हत्या झाल्या. तिथे नुसते फोटो काढून परतावंसं वाटत नाही. हा इतिहास नीट सांगणारा स्थानिक वाटाड्या कसा शोधावा?

सारायेवोहून तिथे जायला बस सोयीची की गाडी भाड्याने घ्यावी? काही बस 'पूर्व सारायेवो' नावाच्या दुसऱ्या स्थानकावरून सुटतात एवढं कळलंय. एका दिवसात जाऊन येणं बाबांना झेपेल का?

तिसऱ्यावर अडलोय. कोन्यित्सचा सहा कमानींचा पूल (१६८२) मोस्तारच्या वाटेवरच आहे. माघार घेणाऱ्या जर्मनांनी १९४५ मध्ये तो उडवला, २००९ मध्ये परत बांधला. त्रेबिन्येचा अर्सलानागिच पूल मात्र दूर दक्षिणेला. जलाशयात बुडणार म्हणून १९६०च्या दशकात चिरा न् चिरा सोडवलेला आणि नंतर दुसरीकडे उभारलेला. बाबांचं मत त्रेबिन्येला, माझं प्रवास बघून कोन्यित्सला. दोन्ही पाहिलेल्यांनी कौल द्यावा.

मोस्तारचा पूल बराच चढाचा आहे आणि पायाखालचा दगड घासून गुळगुळीत झालाय म्हणतात. बाबांचा एक गुडघा दुखरा आहे. सकाळी लवकर, गर्दी नसताना गेलं तर काठीच्या आधाराने जमेल ना?

खाण्याचंही विचारून घेतो. आम्ही दोघंही शाकाहारी. बुरेक (सारण भरलेली तिथली खारी पेस्ट्री) मांसाचा असतो, पण चीजची सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा आणि बटाट्याची क्रोम्पिरुशा चालावी. त्यात प्राण्यांची चरबी वापरतात का, आणि ते दुकानात कसं विचारायचं?

अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा. तिकिटं पुढच्या पंधरवड्यात काढायची आहेत.