प्रतिसाद: तुती धनुष्याला चालते, फक्त वलय सांभाळा

तुती फक्त रेशीमकिड्यांच्या पाल्यापुरती, धनुष्याला ती तग धरणार नाही, असं वर लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. कोरियाच्या पारंपरिक शिंगाच्या धनुष्यात, म्हणजे गाकगुंगमध्ये, गाभ्याला बांबू असतो, पण दोरी अडकते ती वाकडी टोकं तुतीचीच असतात. उत्तर अमेरिकेत धनुष्यासाठी नावाजलेलं ओसेज ऑरेंज हे झाडही तुतीच्याच कुळातलं.

अखंड लाकडाचं धनुष्य करणार असाल तर खरी कसोटी पाठीची, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूची. तिथे टोकापासून टोकापर्यंत एकच वार्षिक वलय, म्हणजे खोडाच्या एका वर्षाच्या वाढीचा थर, अखंड राहायला हवं. वरची वलयं पात्याने खरवडून काढताना दोन वलयांमधला सच्छिद्र थर हाताला भुसभुशीत लागतो, पात्याचा आवाजही बदलतो. तिथून पुढे घाई नको, हळूहळू खरवडा. गाठीपाशी वलय उंचावतं, तो उंचवटा तसाच ठेवा. सपाट केलात तर धनुष्य नेमकं तिथेच तडकतं.

तुती ओसेजपेक्षा हलकी, म्हणून बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, थोडे रुंद ठेवा. आणि ओंडका तोडल्या तोडल्या दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावा, नाहीतर वाळताना चिरा आत शिरतात. पिवळाधमक गाभा पुढे तपकिरी होतो, ते लाकूड खराब झाल्याचं लक्षण नाही.